शालिकराम लाइनमनच्या खिशातली फ्यूज

दवनीवाड्यात कोणाच्या खिशात काय असतं हे साऱ्या गावाला ठाऊक असतं. सरपंचाच्या खिशात दोन मोबाइल, त्यातला एक बंद. चुन्नीलाल पटले किराणावाल्याच्या खिशात बडीशेप, आणि ती तो एकटाच खातो. शालिकराम गजभिये लाइनमनच्या खिशात मात्र गेले आठ महिने विहाराच्या अभ्यासिकेतला कॉम्प्युटर होता.

अख्खा कॉम्प्युटर कोण खिशात घालून फिरेल? त्याचा जीव होता म्हणा. बोटाच्या दोन पेरांएवढा निळा पेनड्राइव्ह. तो लावला तर मशीन सुरू, काढला तर पडदा काळा. शालिकराम सकाळी दहाला अभ्यासिका उघडायचा, खिशातून तो निळा तुकडा काढून मशीनला लावायचा आणि संध्याकाळी काढून परत खिशात. कामाला कुठं गेला तर दुपारीही काढून न्यायचा. मागं पोरी बसून राहायच्या.

शालिकरामला वीज कंपनीतून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, पण गावात ‘लाइनमन’ ही पदवी जन्मभराची असते. उंच, वाळका, डाव्या पायानं जरासा लंगडणारा माणूस. निवृत्तीनंतर लोक पत्ते कुटतात, सुनांच्या चुका मोजतात. यानं विहाराला लागून असलेल्या अभ्यासिकेची किल्ली मागून घेतली. खोलीत दोन टेबलं, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांची मांडणी, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि गोंदियाच्या एका कचेरीनं नवे घेतल्यावर काढून टाकलेला हा कॉम्प्युटर. तो इतका मंद की बटण दाबून समोर चुन्नीलालकडे चहा पिऊन यावं, तरी पडद्यावरचं चाक फिरतच असायचं.

मग शालिकराम मोबाइलवर व्हिडिओ पाहायला लागला. साधंसुधं पाहणं नव्हे, मांडीवर डायरी आणि हातात पेन घेऊन. त्याची बायको कलाबाई नळावर सांगायची, “आमच्या घरी आता मोबाइल मास्तर झाला. तो बोलते अन् म्हातारा उतरवते. छडी तेवढी बाकी हाये.”

दोन महिन्यांनी म्हाताऱ्यानं खरंच करून दाखवलं. मशीनमधलं जुनं विंडोज तसंच ठेवलं आणि त्याच्या शेजारी हलकंफुलकं लिनक्स टाकलं. जुनं काढून का नाही टाकलं? कारण मराठी टायपिंगच्या सरावाचा प्रोग्राम फक्त त्यातच चालायचा, आणि त्या प्रोग्रामवर गावातल्या अकरा पोरी पाळीपाळीनं बोटं बडवत होत्या. म्हणून मशीन सुरू झालं की आधी पडद्यावर दोन ओळी यायच्या. वरची ओळ नव्या घराची, तिथं फॉर्म भरायचे, जुन्या प्रश्नपत्रिका पाहायच्या. खालची ओळ जुन्या घराची, तिथं टायपिंग. कुठल्या घरात जायचं ते ठरवायला शालिकरामनं तीस सेकंद ठेवले होते. तेवढ्यात कोणी काही दाबलं नाही तर मशीन आपलं वरच्या घरात शिरायचं.

या तीस सेकंदांवरून त्याचं आणि रंजिताचं रोज वाजायचं. रंजिता टेंभुर्णे ही अकरा पोरींतली सर्वांत थोरली आणि सर्वांत तिखट. सकाळी आईसोबत धान कापायला जायची, दुपारी दोनला विळ्यानं चिरलेल्या बोटांनी टाइप करायला बसायची. मागच्या परीक्षेत तिचा वेग मिनिटाला सव्वीस शब्दांवर अडला होता, हवे होते तीस. एका कचेरीत लिपिकांच्या जागा निघणार होत्या, पण टायपिंगचं प्रमाणपत्र जोडल्याशिवाय अर्जच करता येत नव्हता.

“काकाजी, तीस सेकंद कायले ठेवले? शून्य करा ना. लाइट गेली का पुन्हा तीस, पुन्हा गेली का पुन्हा तीस. माझी पाळी त्याच्यातच सरून राहिली.”

“शून्य केलं त तो मेनू दिसनारच नाही. मंग चुकीच्या घरात शिरली त बाहेर कशी येशीन? पोलवर चढाच्या आधी लाइनमन वर पाह्यते.”

“मी पोलवर नाही चढून राहिली. खुर्चीवर बसून राहिली.”

“खुर्चीवरूनई माणूस पडते, बाई.”

आता त्या पेनड्राइव्हची खरी गोष्ट, जी शालिकरामनं आपल्या डायरीलासुद्धा सांगितली नव्हती. त्याची पहिली खेप फसली होती. नवी सिस्टीम टाकली, ती धड चालेना. त्यानं ती मोडून दुसऱ्यांदा टाकली. या खेपेला सगळं छान झालं, फक्त ज्या पेनड्राइव्हवरून टाकली तो काढला की मशीन सुरूच होईना. शालिकराम पेनड्राइव्हकडे पाहत राहिला. एकदा लावून पाहिला, एकदा काढून पाहिला. मग घसा साफ करून जमलेल्या पोरींना म्हणाला, “असंच पाह्यजे होतं मले. हे किटकॅट हाये.”

किटकॅट म्हणजे चिनी मातीची फ्यूज, खांबाखालच्या पेटीत बसते ती. गावात तिला दुसरं नाव नाही. ती काढली की पुढची लाइन मेलेली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की शालिकरामनं कॉम्प्युटरला फ्यूज बसवली. काहींनी कौतुक केलं. काहींनी म्हटलं, म्हाताऱ्याला किल्ली कमरेला लटकवायची हौस आहे. चुन्नीलाल मात्र त्या दिवशी काहीच बोलला नाही. दुकानात उगाच साखरेचं पोतं इकडचं तिकडं करत राहिला.

चुन्नीलाल का बोलला नाही हे गावातल्या पिकल्या केसांना माहीत आहे. सत्तावीस वर्षांपूर्वीचा आषाढ. शालिकराम बांधावरच्या पोलवर चढला होता. चढण्याआधी त्यानं पेटीतली किटकॅट काढून पेटीवरच ठेवली होती. चुन्नीलालचे धानाचे पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, पाण्यावाचून वाळत होते, मोटार बंद. तो तणतणत पेटीपाशी आला, पाहतो तर किटकॅट बाहेर. कोणा रिकामटेकड्यानं काढली म्हणून शिवी हासडली आणि परत बसवली. वर पाहिलंच नाही. शालिकराम पोलवरून उडाला तो चिखलणी केलेल्या धानाच्या बांधीत पडला. चिखल होता म्हणून वाचला, कंबर तेवढी गेली आणि डावा पाय लंगडा राहिला. चुन्नीलालनंच त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मांडीवर घेऊन गोंदियाला नेलं, आणि वाटभर शालिकरामपेक्षा तोच जास्त रडला.

शालिकराम त्याला कधी एक शब्द बोलला नाही. पण त्या दिवसापासून काढलेली किटकॅट पेटीवर ठेवणं बंद. ती खिशात. आणि चुन्नीलालची तऱ्हा अशी, की शालिकराम दुकानात बसला असेल तर तो स्वतःच्या दुकानातल्या पंख्याचं बटणही दाबत नाही. उन्हाळा असो, घाम गळो, तो आत तोंड करून ओरडतो, “पुष्पा, पंखा लाव वं!” पुष्पाबाई हातातली कणकेची परात ठेवून बाहेर येते, तीन हातांवरचं बटण दाबते आणि नवऱ्याकडे अशी पाहते की पंख्याची गरजच राहू नये. सत्तावीस वर्षं हे चाललंय. दोघांपैकी कोणी त्याचा उल्लेख केला नाही.

म्हणून रंजितानं दोन महिन्यांआधी जेव्हा म्हटलं, “काकाजी, ह्या पेनड्राइव्हची एक जोडी करून ठेवा ना, हरवला बिरवला त?” तेव्हा शालिकराम तिच्यावर पहिल्यांदाच खेकसला.

“एका पेटीले दोन किटकॅटं असली का लाइनमन मरते!”

रंजितानं विषय सोडला. तिला ती गोष्ट ठाऊक नव्हती, पण म्हाताऱ्याच्या आवाजात काहीतरी जुनं हललं एवढं तिला कळलं.

आणि मग परीक्षा नऊ दिवसांवर असताना कलाबाईनं सदरा धुतला.

तिला बोल लावण्यात अर्थ नाही. ती बावीस वर्षं या माणसाच्या खिशातली किटकॅटं काढत आली होती. “ती मातीची रायत होती, हाताले लागत होती,” ती पुढं आठ दिवस सगळ्यांना सांगत होती. “हे त वजनच नाही! पापडाच्या तुकड्यावानी. मले काय माहीत का गावाचा कॉम्प्युटर धुऊन राहिली?” सदरा भिजला, साबण लागला, दगडावर पडला आणि मोगरीचे चार दणके बसले. चौथ्या दणक्याला आवाज वेगळा आला. तिनं खिशात हात घातला तर पेनड्राइव्हचं पत्र्याचं तोंड एकीकडे आणि हिरवी पट्टी दुसरीकडे, तीही मधोमध चिरलेली. तिनं दोन्ही तुकडे पदरात बांधले आणि अभ्यासिकेच्या दारात येऊन गाठ सोडली. मयताच्या अस्थी आणाव्यात तशी.

शालिकरामनं तुकडे पाहिले आणि मशीनचं बटण दाबलं. काळ्या पडद्यावर इंग्रजीची एक ओळ आली आणि तिच्याखाली चौकोनी ठिपका लुकलुकत राहिला.

“आता?” रंजितानं विचारलं. तिची पाळी दोनची होती, दोन वाजून गेले होते. मागं शामकला आणि इतर पोरी दाराशी दाटल्या होत्या. शामकला म्हणाली, “नऊ दिवस, काकाजी.” सांगायची गरज नव्हती.

शालिकरामनं आधी डायरी काढली आणि ती इंग्रजी ओळ अक्षरन् अक्षर उतरवून घेतली. मग रंजिताला मोबाइलवर तिचा फोटोही काढायला लावला. “फॉल्ट झाला का पहिले हात खिशात अन् डोळे उघडे,” तो म्हणाला. खिशात आता काहीच नव्हतं, तरी त्यानं सवयीनं हात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोटरसायकलवर आणि मागं रंजिता मांडीवर मशीन घेऊन, अशी वरात कुडव्याला निघाली. मशीनला कलाबाईनं आपल्या लुगड्यात गुंडाळून दिलं होतं, प्रायश्चित्त म्हणून. वाटेत दोन जणांनी विचारलं, बाळ कोणाचं.

कुडव्यात टिंकूचं दुरुस्तीचं दुकान. टिंकूचा हात साफ आणि जीभ त्याहून साफ. त्यानं वायर लावली, पडदा पाहिला आणि अडीच सेकंदांत निकाल दिला.

“काका, ये तो गया. फॉर्मॅट मारना पडेगा.”

“बल्ब उडाला का फ्यूज गेली, हे पाह्यलं?”

“उससे क्या फरक पडता है? सब नया डाल दूंगा, मख्खन चलेगा.”

“आणि टायपिंगचा प्रोग्राम?” रंजिता मधेच बोलली.

“सीडी है?”

सीडी नव्हती. ज्यानं प्रोग्राम टाकून दिला होता तो दुकान गुंडाळून रायपूरला गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. गोंदियातल्या टायपिंगच्या क्लासमध्ये परीक्षेच्या तोंडावर खुर्ची रिकामी मिळत नव्हती, ते रंजितानं कालच चौकशी करून पाहिलं होतं. म्हणजे हे मशीन पुसलं की अकरा पोरींचा सराव पुसला, आणि रंजिताची ही खेपही गेली. तिनं शालिकरामकडे पाहिलं. टिंकूनं पुसण्याची तयारी म्हणून कीबोर्ड जवळ ओढला होता.

शालिकरामनं आपला लांब, शिरा उठलेला हात कीबोर्डवर आडवा ठेवला.

“लाइन जिती हाये. हात नको लावू.”

“अरे काका—”

“डिस्क फिरून राहिली, आवाज येते. तिच्या अंदरचा माल कोनी नेला नाही. दाराची किल्ली गेली, एवढंच. किल्ली गेली म्हून घर जाळतेत का तुझ्या गावात?”

टिंकू हसला. हसता हसता गल्ल्यामागच्या डब्यातून एक कोरा पेनड्राइव्ह काढून त्यावर लिनक्स चढवायला लागला. तो लावून मशीन सुरू केलं की डिस्कला धक्का न लावता आत डोकावता येतं, हे त्यालाही माहीत होतं, फक्त इतका वेळ कोणी मागत नसे. “ले जाओ. लेकिन लिख के देता हूं, चार दिन बाद यहीं आओगे. फॉर्मॅट के लिए.”

“लिहून दे,” शालिकराम म्हणाला आणि डायरी पुढं केली. टिंकूनं खरंच लिहून दिलं, सहीसकट. ते पान आजही डायरीत आहे.

अभ्यासिकेत परत आल्यावर एक नवीच अडचण उभी राहिली. यूपीएसची बॅटरी पोळ्याच्या सुमारासच गेली होती. आणि दवनीवाड्याच्या लाइटचा भरवसा द्यायला शालिकरामसुद्धा धजत नसे. डिस्कवर काही लिहीत असताना मधेच लाइट गेली तर मोडकं आणखी मोडायचं.

त्यानं सबस्टेशनला फोन लावला. तिथला छोटेलाल त्याच्याच हाताखाली शिकलेला.

“छोट्या, घंटाभर फीडर नको पाडू, लाइट पाह्यजे.”

“काकाजी, वरून आदेश आला त पाडा लागते.”

“मंग पाडाच्या पहिले फोन कर. पाडून मंग नको करू.”

झालं. पण फीडरपेक्षा कमी भरवसा होता तो चौकातल्या पेटीचा. विहार, अभ्यासिका आणि ती सारी आळी एकाच पेटीवर. कोणाच्या घरचा पंखा मंद फिरला की तो उठतो, पेटी उघडतो आणि आपल्या हातानं किटकॅटं उलटीपालटी करून पाहतो. सगळी आळी क्षणभर अंधारात जाते, कोणाला त्याचं काही वाटत नाही. पेटीपाशी कोणीतरी उभं राहायला हवं होतं. पोरींचं कोणी ऐकणार नाही. गावात दबदबा असलेला, खुंटासारखा उभा राहणारा माणूस हवा.

शालिकराम खिडकीतून समोर पाहत राहिला. चुन्नीलाल तराजूत तूरडाळ तोलत होता. रंजिताला वाटलं, म्हातारा पुढची पायरी आठवतोय.

मग तो लंगडत रस्ता ओलांडून दुकानापाशी गेला.

“चुन्नी, पेटीपाशी जाऊन उभा राह्य. घंटाभर. कोनाले हात नको लावू देऊ.”

तराजूचं पारडं खाली टेकलं.

“मी?”

“तू.”

“पेटीपाशी?”

“हो.”

“पुष्पाले धाडू का?”

“तुले सांगून राहिलो ना गा.”

चुन्नीलालनं डाळ तशीच टाकली. गिऱ्हाईक असलेल्या सुमित्राबाई ओरडत राहिल्या, “माझी पाव किलो!” पण तो छत्री घेऊन चौकाकडे निघून गेला होता. चालताना त्यानं दोनदा मागं वळून पाहिलं, शालिकराम हाक मारून परत बोलावतो की काय म्हणून. शालिकरामनं बोलावलं नाही.

काम सुरू झालं. टिंकूचा पेनड्राइव्ह लावून मशीन उघडलं. डिस्क दिसली, आणि डिस्कमध्ये दोन्ही घरं जागच्या जागी होती. रंजितानं टायपिंगचं फोल्डर उघडलं, तर आठ महिन्यांचे वेग तारखेनिशी जसेच्या तसे. कालच्या आदल्या दिवशीचा अठ्ठावीस.

“पहिले माल बाहेर,” शालिकराम म्हणाला. रंजितानं भावाकडून आणलेल्या दुसऱ्या डिस्कवर एकेक फोल्डर उतरवायला सुरुवात केली. ते संथपणे चाललं. डोक्यावर बिरशीच्या विमानतळावरच्या शिकाऊ वैमानिकांचं विमान तिसऱ्यांदा घिरटी घालून गेलं.

बाहेर मात्र तमाशा रंगला होता, आणि तो खिडकीतून अर्धा दिसत होता. चुन्नीलालचा जावई इंद्रकुमार, जो सणाला येऊन पंधरा दिवस झाले तरी गेला नव्हता, तो पेटीकडे आला. सासुरवाडीच्या टीव्हीला मुंग्या येत होत्या. चुन्नीलालनं मिटलेली छत्री आडवी धरली.

“आज नाही.”

“मामाजी, एकच मिनिट. फक्त किटकॅट हलवून—”

“एका मिनटात माणूस पडते!”

जावयाला असं बोललेलं दवनीवाड्यात कोणी ऐकलं नव्हतं. त्या एका वाक्यावर गावानं चार दिवस काढले. खिडकीशी उभ्या शालिकरामनं ते ऐकलं, आणि खुर्ची पुढं ओढून बसला.

माल उतरला, भावाची डिस्क काढून बाजूला ठेवली. आता किल्ली बनवायची. ती या वेळी पेनड्राइव्हवर नाही, खुद्द डिस्कच्या कपाळावर. मशीनला द्यायचा हुकूम टाइप करून तयार होता, फक्त शेवटी कुठं लिहायचं त्या जागेचं नाव टाकायचं होतं. शालिकरामची पद्धत लाइनवरची. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं परत बोलायचं, मगच हात.

“डायरीत काय हाये?”

“डिस्क म्हणजे ए,” रंजितानं आठ महिन्यांमागचं पान वाचलं.

“डिस्क म्हणजे ए. टाक मंग ए.”

रंजितानं टाकलं नाही. ती पडद्यावरची यादी वाचत होती.

“काकाजी, ‘ए’च्या पुढं सोळा जीबी लिवलं हाये. ‘बी’च्या पुढं पाचशे.”

“पुन्हा वाच.”

“ए, सोळा. बी, पाचशे.”

“ए, सोळा,” शालिकराम म्हणाला. “बी, पाचशे.” आणि त्याचा हात हवेत थांबला.

सोळाचा तर टिंकूचा पेनड्राइव्ह. या जुन्या मशीनमध्ये पेनड्राइव्ह लावून सुरू केलं की तोच पहिला नंबर पटकावत होता, पंगतीत मागून येऊन पुढच्या पाटावर बसणाऱ्या पाहुण्यासारखा. आणि घरची पाचशेची डिस्क दुसऱ्या नंबरावर जात होती. म्हणजे आठ महिन्यांमागं दुसऱ्या खेपेला त्यानं ‘ए’ला डिस्क समजून किल्ली ठेवली, ती पेनड्राइव्हवर गेली. डिस्कच्या कपाळावर राहिला होता तो पहिल्या, मोडून टाकलेल्या घराचा पत्ता. तेच ती काळ्या पडद्यावरची इंग्रजी ओळ सांगत होती, सांगितलेली जागा सापडत नाही म्हणून.

शालिकराम मागं टेकला. कान लाल झाले होते.

“पोरी, ती फ्यूज मी बसवली नव्हती. चुकून बसली होती.”

“मले माहीत हाये, काकाजी.”

“कवापासून?”

“पहिल्याच दिवसापासून. ‘असंच पाह्यजे होतं’ म्हणाच्या आधी तुमी पेनड्राइव्हकडे कसे पाहून राहिले होते, ते पाह्यलं ना मी.”

“मंग बोलली काऊन नाही?”

रंजिता पडद्याकडेच पाहत म्हणाली, “तुमी लगित खुश होता.”

म्हातारा हसायला लागला. आधी नाकातून, मग पोटातून, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दाराशी उभ्या पोरींना वाटलं, मशीन गेलं आणि त्याच्यासोबत काकाजीही. हसू ओसरल्यावर त्यानं डायरीतली जुनी ओळ खोडली नाही. तिच्याखाली लिहिलं: नावावर भरवसा नाही. दर वेळी वजन पाहावे.

“बी,” रंजिता म्हणाली. “पाचशे.”

“बी. पाचशे. दाब.”

दोन मिनिटं पडद्यावर अक्षरं धावली आणि थांबली. चूक झाल्याचं काही लिहिलं नव्हतं. शालिकराम तेवढ्यावर उठला नाही. सेटिंगच्या फाइलची नक्कल करून तिला ‘जुनी’ नाव देऊन बाजूला ठेवली, आणि मगच मूळ फाइलमध्ये तीसचे दहा केले. रंजितानं भुवया उडवल्या.

“दहा,” तो म्हणाला. “शून्य नाही. वर पाहाले वेळ पाह्यजेच.”

मशीन बंद केलं. टिंकूचा पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. आता मशीनला बाहेरून काहीच लावलेलं नव्हतं. रंजितानं बटण दाबलं. पंखा घुरघुरला, पडदा काळा झाला, काळाच राहिला, शामकलानं तोंडावर हात ठेवला, आणि दोन ओळी उमटल्या. वरचं घर. खालचं घर. उजवीकडे दहा, नऊ, आठ.

रंजितानं खालची ओळ निवडली. टायपिंगचा प्रोग्राम उघडला तेव्हा चार वाजले होते. तिची पाळी केव्हाच सरली होती, पण कोणी हरकत घेतली नाही. ती बसली आणि बोटं चालायला लागली. पहिल्याच उताऱ्याला एकोणतीस.

बाहेर चुन्नीलाल अजून पेटीपाशीच होता. घंटा उलटून पाऊण घंटा झाला होता, पण त्याला कोणी ‘झालं’ म्हणून सांगितलं नव्हतं. शालिकराम स्वतः चौकापर्यंत चालत गेला.

“झालं?” चुन्नीलालनं विचारलं.

“झालं. चाल, चहा पाज.”

त्या आठवड्यात अभ्यासिकेत भिंतीला एक खिळा ठोकला गेला. त्यावर अडचणीत मशीन उघडायचा पेनड्राइव्ह लटकतो, शेजारी डायरीच्या पानाची झेरॉक्स, ‘वजन पाहावे’ या ओळीसकट. दुसरी जोडी रंजिताकडे. तिसरी शालिकरामनं चुन्नीलालच्या गल्ल्यात नेऊन ठेवली.

“हे तुझ्यापाशी राहू दे. तुझं दुकान सहाले उघडते.”

“अन् कोनी मागाले आला त?”

“त दे. पन पहिले वर पाह्यजो.”

चुन्नीलालनं तो पेनड्राइव्ह बडीशेपेच्या खिशात टाकला, काहीतरी सुचून काढला आणि नीट गल्ल्यात ठेवला. बराच वेळ गल्ल्याशी खुडबुडत राहिला. शालिकराम बाकावर बसून चहा फुंकत होता. दुपारचं ऊन दुकानात शिरलं होतं, समोरून टायपिंगची टकटक ऐकू येत होती. नऊ दिवसांतले सहा उरले होते आणि रंजिताची बोटं काल एकतीसला लागून आली होती.

आत पुष्पाबाई कणीक मळता मळता नेहमीची हाक यायची वाट पाहत होती. हाक आली नाही. तिनं डोकावून पाहिलं. नवरा स्टुलावरून उठला होता. त्यानं आधी वर, पंख्याकडे पाहिलं, मग शालिकरामकडे, मग परत पंख्याकडे. आणि बटण दाबलं.

पंखा फिरायला लागला. शालिकरामनं चहाचा घोट घेतला.

“जरा जास्त कर गा,” तो म्हणाला. “गरमी होऊन राहिली.”